बेकी भाषा अख्खं मनिला बोलतं, म्हणून तिथे गे लोकांना सगळं मोकळं आहे का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मनिलाच्या बीपीओत टीम लीड म्हणून गेलात, टीममधली निम्मी पोरं आपापसात जे बोलतात ते तागालोग (तिथली मुख्य भाषा) शिकवणाऱ्या ॲपमध्ये सापडत नाही, कुणीतरी सांगितलं की ही गे लोकांची भाषा आहे, आणि मग तुम्हाला वाटलं की जिथे ऑफिसात ही भाषा उघड चालते तिथे या लोकांना समाजानं कधीच स्वीकारलेलं असणार. शेवटी विचारलंय की मीही ते शब्द वापरले तर चालेल का. मी मनिलात कॉल सेंटरच्या एजंट्सना कम्युनिकेशन शिकवायचं काम बरीच वर्षं केलंय, मकाती आणि ऑर्टिगासच्या नाइट शिफ्टांमध्ये, त्यामुळे जरा लांबच लिहिते. 'हो हो, तिथे सगळं ओपन आहे' हे अर्धंच उत्तर आहे आणि त्यावर विसंबलात तर तुमच्याच टीममधल्या कुणाला तरी त्याचा त्रास होईल.

आधी भाषेचं बघू. तिला बेकी म्हणतात, गे लिंगो म्हणतात, इंग्रजीत लिहिणारे स्वार्डस्पीक म्हणतात, हे शेवटचं नाव 70च्या दशकात सिनेसमीक्षक नेस्टर टोरे यांनी रूढ केलं असं मानतात. ती वेगळी भाषा नाहीये खरं तर. व्याकरण, क्रियापदं, वाक्याची ठेवण सगळं तागालोगचंच, फक्त नेमके महत्त्वाचे शब्द बदलायचे. आपण लहानपणी 'च'ची भाषा बोलायचो ना मोठ्यांना कळू नये म्हणून, तसंच, पण 'च'च्या भाषेला एकच नियम असतो आणि इथे दहा पद्धती एकत्र चालतात आणि कुठली पद्धत कुठल्या शब्दाला लावायची ते बोलणाऱ्याच्या मूडवर.

एक वाक्य घ्या. भूक लागली, चला जेवू, हे साध्या तागालोगमध्ये 'गुतोम ना आको, काइन ना तायो'. बेकीत तेच 'टॉम जोन्स ना आकेच, लाफांग ना तायो'. टॉम जोन्स कुठून आला? गुतोम म्हणजे भूक, त्याचे दोन भाग उलटे फिरवले की 'तोमगुत', आणि तोम ऐकलं की पुढे गायक टॉम जोन्सच आठवणार, म्हणून भूक म्हणजे टॉम जोन्स. आको म्हणजे मी, त्याला शेपूट लावून आकेच. पाऊस म्हणजे उलान, त्याच्या पुढे ज लावला की जुलान, आणि मग थेट जुलानिस मॉरिसेट, गायिका ॲलनिस मॉरिसेटवरून. कुणाला जळजळ होतेय, म्हणजे इंग्रजी जेलस, तर तिथल्या ॲक्ट्रेसचं नाव घ्यायचं, जेली दे बेलेन. हरलास तर लूझरवरून लुझ वाल्देझ, जिंकलास तर विनी सांतोस, दमून चेहरा उतरला असेल तर हॅगार्डो वर्सोझा. सगळी खऱ्या गायकांची, नटनट्यांची नावं किंवा त्यांच्यावरून पाडलेली. आणि नवीन पोरांना जुनी नावं माहीतच नसतात, म्हणून त्यांच्या पिढीचे वेगळे शब्द येतात, दोन वर्षं बाहेर राहून परत गेलं की निम्मं बोलणं डोक्यावरून जातं. काही शब्द जपानी आहेत, पुरुषाला ओतोको म्हणतात, कारण 80च्या दशकात जपानच्या क्लबांमध्ये नाचगाण्याच्या कामाला फिलिपिन्समधून खूप जण गेले आणि येताना शब्द घेऊन आले. मराठी कानाला काही शब्द भलतेच वाटतील, मुद्रा म्हणजे आई, पुद्रा म्हणजे वडील, आणि 'गोरा!' म्हणजे चला निघू, ते इंग्रजी गो वरून.

बेकी भाषा वाढली ब्यूटी पार्लरमध्ये. तिथे बाक्ला (म्हणजे बायकी वळणाचा गे पुरुष, किंवा जिला आज आपण ट्रान्स बाई म्हणू ती, तिथल्या जुन्या समजुतीत हे दोन्ही एकाच शब्दात येतात) गल्लीतल्या पार्लरमध्ये केस कापतो, मेकअप करतो, गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं असताना मैत्रिणीशी त्याच गिऱ्हाइकाबद्दल बोलायचंय, किंवा काल रात्री कुणाला भेटलो ते सांगायचंय आणि मालकीण मागे उभी आहे. घरी वडिलांसमोर, रस्त्यावर पोलिसासमोर हीच गरज. म्हणजे गंमत नंतर आली, आधी आडोसा हवा होता. हे लक्षात ठेवा कारण पुढे लागणारे.

मग ही भाषा पार्लरमधून बाहेर पडली ती कॉमेडी बारमध्ये. मनिलातले कॉमेडी बार म्हणजे प्रेक्षकांना गाणी म्हणायला लावायची, त्यांची खेचायची, आणि स्टेजवरचे होस्ट बहुतेक बाक्ला. तिथून टीव्हीवर. व्हाइस गांदा हे नाव तुम्ही पहिल्या आठवड्यातच ऐकलं असेल (गांदा म्हणजे सौंदर्य), अशाच बारमधून वर आलेला कॉमेडियन, 2009 पासून 'इट्स शोटाइम' या दुपारच्या शोमधून घराघरात पोचला, त्याचे सिनेमे तिथल्या सगळ्यात जास्त कमाईच्या सिनेमांत मोजतात. जेवणाच्या वेळेला आजीपासून नातवापर्यंत सगळे हा शो बघतात, त्यामुळे शब्द सगळ्यांच्या तोंडी बसले. 'जोवा' म्हणजे बॉयफ्रेंड-गर्लफ्रेंड, मूळ शब्द आसावा म्हणजे नवरा किंवा बायको, त्याचं बेकी रूप, आज कुठलीही कॉलेजची मुलगी सहज वापरते. 'चिका' म्हणजे गप्पा, गॉसिप. 'बोंग्गा' म्हणजे एकदम झकास, भपकेदार, तो तर ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही गेलाय. आणि 'चारोत', किंवा नुसतं 'चार', म्हणजे मस्करी केली हं. हा शब्द तर बँकेतला कॅशियर, शाळेतली टीचर, जीप चालवणारा ड्रायव्हर सगळे वापरतात, काहीतरी टोचणारं बोलायचं आणि मागे चारोत लावून टोक बोथट करायचं.

आपल्याकडे हिजडा आणि कोथी समाजाची स्वतःची बोली आहे, पण ती त्यांच्यातच राहिली, आपल्यापैकी कुणाला त्यातले चार शब्द सुद्धा येत नाहीत. फिलिपिन्समध्ये नेमकं उलटं झालं, लपण्यासाठी केलेली भाषा सगळ्या देशानं उचलली. त्यामुळे तुमच्यासारखा बाहेरून गेलेला माणूस म्हणतो की ज्यांची भाषा घेतली त्यांना पण घेतलं असेल. मला वाटतं घोटाळा इथेच होतो. भाषा घेतली, हसणं घेतलं, फॅशन घेतली, मेकअप घेतला, हक्क द्यायची वेळ आली की देश थांबला.

थोडा इतिहास सांगते कारण तिथली मोकळीक खोटी नाहीये, तिला मुळं आहेत. स्पॅनिश यायच्या आधी बेटांवर बाबायलान असायच्या, म्हणजे देवाशी बोलणाऱ्या, औषधपाणी करणाऱ्या, गावात मान असलेल्या. बहुतेक बायकाच, पण बाईचा वेष आणि बाईचं काम घेतलेले पुरुषही त्यात असत, विसायास भागात त्यांना असोग म्हणत, सोळाव्या शतकाच्या शेवटच्या स्पॅनिश हस्तलिखितात बायोग, बायोगिन असे शब्द आहेत. 1565 पासून तीनशेहून जास्त वर्षं स्पॅनिश राज्य, बाबायलानांना सैतानाच्या बायका ठरवलं, मान गेला पण माणसं राहिली. आणखी एक गोष्ट आपल्याला विशेष जाणवते. आपल्यावर इंग्रजांनी समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 लादलं, ते 2018च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं मोडेपर्यंत आपल्या डोक्यावर होतं. फिलिपिन्सच्या 1930च्या दंडसंहितेत तसं कलमच नाही. म्हणजे गे असणं तिथे पिढ्यान्पिढ्या गुन्हा नव्हता, आणि त्यानं वागण्यात किती फरक पडतो ते पोरांच्या चालण्या-बोलण्यातच दिसतं.

आकडे पण हेच सांगतात. प्यू या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेच्या 2019च्या सर्व्हेत 73 टक्के फिलिपिनो म्हणाले की समाजानं समलैंगिकता स्वीकारावी, त्याच सर्व्हेत भारताचा आकडा 37. इथपर्यंत वाचलं की माणूस खूश होतो. पण 2018 मध्ये तिथल्याच सोशल वेदर स्टेशन्स या संस्थेनं विचारलं की दोन पुरुष किंवा दोन बायकांच्या सिव्हिल युनियनचा कायदा हवा का, तेव्हा 61 टक्के नको म्हणाले, हवा म्हणणारे 22. तोच देश, तीच माणसं. 'तुम्ही असा, आमची हरकत नाही' आणि 'तुम्हाला आमच्यासारखाच हक्क' या दोन वाक्यांमध्ये एवढं अंतर आहे.

हे अंतर मला आकड्यांआधी एका फिएस्टात, म्हणजे गावच्या जत्रेत, दिसलं. टीममधल्या एकीनं, ती ट्रान्स बाई, तिच्या गावच्या फिएस्टाला बोलावलं होतं, कारण तिथे मिस गेची स्पर्धा होती. बारांगायच्या बास्केटबॉल कोर्टवर स्टेज, प्लास्टिकच्या खुर्च्या, पहिल्या रांगेत बारांगायचे कप्तान (म्हणजे आपल्या सरपंचासारखे) आणि चर्चमधल्या वयस्कर बायका, कुशीत बाळं घेतलेल्या आया, सगळं गाव. नॅशनल कॉस्च्यूम, गाऊन, मग प्रश्नोत्तरांचा राउंड, आणि टाळ्या अगदी मनापासून, कुणी हिणवत नव्हतं. बक्षीस द्यायला कप्तान स्वतः स्टेजवर. मी हरखून गेले होते. मग रात्री त्यांच्या घरी जेवायला बसलो तेव्हा तिचे वडील, भला माणूस, मला आग्रहानं पान्सित वाढत होते, मी म्हटलं तुम्हाला किती अभिमान वाटत असेल, तर म्हणाले तांगाप नामान, म्हणजे स्वीकारलंय की आम्ही, 'बास्ता' धाकट्या दोघांची फी भरतेय आणि चर्चला येताना शर्ट-पँट घालून येतेय. ती समोरच बसली होती, मान खाली घालून मासा सोडवत. तिच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही, हे तिनं लहानपणापासून ऐकलं असणार.

हा 'बास्ता' म्हणजे 'फक्त एवढी अट'. तो शब्द एकदा कानाला लागला की मग सगळीकडे ऐकू येतो. बाक्ला असू दे, बास्ता घरी पैसे पाठव. बाक्ला असू दे, बास्ता हसवत राहा. बाक्ला असू दे, बास्ता आमच्या मुलाच्या जवळ नको. पार्लरमध्ये केस कापणारे कित्येक जण भावंडांची, मग भाच्यांची शिक्षणं करतात आणि स्वतःच्या म्हातारपणाचं काहीच नसतं. पासायमध्ये 70च्या दशकात जुस्तो जुस्तो नावाच्या नगरसेवकानं अशा म्हाताऱ्या, कुणी नसलेल्या गे लोकांसाठी स्वतःचं घर उघडलं होतं, गोल्डन गेज म्हणतात त्यांना, 2012 मध्ये तो वारला आणि त्या म्हाताऱ्यांना ते घर सोडावं लागलं, त्यातले काही पुन्हा रस्त्यावर आले. नंतर त्यांनी शो करून, देणग्या गोळा करून परत एकत्र राहायची सोय केली. मला या माणसांबद्दल फार आदर आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगते. भेदभाव रोखणारं विधेयक, ज्याला तिथे सोजी बिल म्हणतात, पहिल्यांदा 2000 साली मांडलं गेलं. 2017च्या सप्टेंबरमध्ये कनिष्ठ सभागृहात 198 विरुद्ध शून्य असं पास झालं आणि सिनेटमध्ये अडकलं, अजून कायदा नाही. ज्या देशात मुस्लिम सोडले तर घटस्फोटाचाही कायदा नाहीये तिथे कॅथलिक चर्चचं वजन किती असेल ते तुम्ही समजू शकता. लादलाद नावाच्या गे आणि ट्रान्स लोकांच्या पक्षाला 2009 मध्ये निवडणूक आयोगानं अनैतिक म्हणून नोंदणी नाकारली, बायबल आणि कुराणाचे दाखले देऊन, ते 2010च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं फिरवलं. 2016 मध्ये बताआनमधून जेराल्डिन रोमन निवडून आल्या, तिथल्या संसदेतल्या पहिल्या ट्रान्स सदस्य. आणि त्याच निवडणुकीच्या तीन महिने आधी बॉक्सर मॅनी पॅकियाव म्हणाले होते की समलैंगिक लोक जनावरांपेक्षा वाईट, नाइकीनं त्यांच्याशी करार तोडला, पण मतदारांनी त्यांना सिनेटवर पाठवलं. एकाच महिन्यातले हे दोन निकाल.

हिंसा पण आहे. 2014 मध्ये ओलोंगापोत जेनिफर लॉडे या ट्रान्स बाईला एका अमेरिकन मरीननं मारलं, ती ट्रान्स आहे कळल्यावर. कोर्टानं खून न धरता सदोष मनुष्यवध धरला आणि 2020 मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी त्याला पूर्ण माफी दिली. 2019 मध्ये क्विझोन सिटीतल्या मॉलमध्ये एका ट्रान्स बाईला लेडीज टॉयलेट वापरायला गेली म्हणून हातकड्या घालून पोलिसांकडे नेलं, आणि हे त्या शहरात, जिथे 2014 पासून शहराचा स्वतःचा भेदभावविरोधी नियम आहे आणि जिथे 1994 मध्ये देशातला पहिला प्राइड मार्च निघाला होता. अर्थात त्याच शहरानं 2023 मध्ये राइट टू केअर कार्ड आणलं, जोडीदार हॉस्पिटलमध्ये असेल तर त्याच्या उपचाराचे निर्णय घेता येतात. लग्नाइतकं नाही, पण ज्यांना दारात अडवलं गेलंय त्यांना विचारा त्याची किंमत.

आता बीपीओ. तुम्हाला तुमच्या फ्लोअरवर इतके गे आणि ट्रान्स एजंट का दिसतात? कारण फोनवर फक्त आवाज आणि इंग्रजी लागतं, नाइट शिफ्टला ड्रेस कोड सैल असतो आणि पगार बरा असतो. बँकेत किंवा शाळेत लांब केस ठेवून नोकरी मिळणं अवघड. शिवाय मॅनेजर लोकांना कळतं की यांच्यामुळे रात्रीच्या दोन वाजता टीम जागी राहते. मी बघितलेली एक एजंट कॉलवर अमेरिकन बाईला शांतपणे बिल समजावून सांगायची, म्यूट दाबलं की शेजारणीला बेकीत त्या बाईची अख्खी नक्कल, अनम्यूट, परत तोच गोड आवाज. सगळी रांग हसून जागी. पण ॲप्रेझलला हे जागं ठेवणं कुठे मोजत नाहीत, आणि टीम लीडच्या मुलाखतीत तिलाच 'जरा प्रोफेशनल दिसायचं बघ' असं सांगतात. 'बास्ता हसवत राहा' याचं हे ऑफिसातलं रूप, आणि टीम लीड म्हणून तुम्ही इथे प्रत्यक्ष काहीतरी बदलू शकता.

आणखी एक, सगळे गे पुरुष बेकी बोलत नाहीत. 'पामिंता' हा शब्द ऐकाल, म्हणजे शब्दशः मिरी, पण अर्थ असा की जो गे आहे पण पुरुषी वागतो, लपून राहतो. यांच्यातले काही जण बेकी बोलणाऱ्यांना खालचं समजतात, डेटिंग ॲपवर बायकी नको असं सरळ लिहितात, त्यात वर्गाचा भाग पण आहे, बेकी म्हणजे पार्लरवाले, आम्ही कॉर्पोरेटवाले. म्हणून टीममधल्या कुणी बेकीला उत्तर इंग्रजीत दिलं तर तो गे नाही असा अंदाज बांधू नका, आणि बोलला तर तो गेच आहे असाही नाही, आता सरळ पोरंही बोलतात. कुणालाही विचारू नका, सांगायचं असेल तर सांगतील. सेबूची मंडळी असतील तर तिकडे बाक्लाला बायोत म्हणतात आणि त्यांची बेकी सेबुआनोवर चालते, मनिलाची समजली म्हणून ती समजेल असं नाही.

तुमच्या मूळ प्रश्नावर येते, वापरू का. चारोत, चिका, बोंग्गा, जोवा, गोरा हे आता सगळ्यांचे शब्द आहेत, बिनधास्त वापरा, टीमला आवडेल. बाकीची बेकी समजून घ्या, पण बोलायची घाई करू नका. बॉस जेव्हा ती भाषा बोलायला लागतो तेव्हा त्याच्याबद्दल बोलायची जागा जाते, आणि आडोसा म्हणून केलेली भाषा आहे हे मी वर सांगितलंच. तुम्हाला कुणी 'आतेंग' किंवा 'मामश' म्हणून हाक मारायला लागलं, म्हणजे मैत्रिणीला मारावी तशी, तर समजा की आत घेतलंय, मग बोला. पण 'बाक्ला' हा शब्द हाक म्हणून तुमच्या तोंडून कधीच नको, ते एकमेकांना प्रेमानं म्हणतात, शाळेत तोच शब्द शिवी म्हणून ऐकत मोठे झालेत. आणि हावभाव करून नक्कल करू नका, पार्टीत सुद्धा.

नावाचं पण सांभाळा. तागालोगमध्ये 'सिया' म्हणजे तो पण आणि ती पण, त्यामुळे ते लोक इंग्रजीत ही आणि शी ची गल्लत करतात, ते नुसतं भाषेमुळे, पण तुम्ही केलीत तर तसं वाटणार नाही. ट्रान्स बाईचं कागदोपत्री नाव पुरुषाचंच राहतं, 2007 मध्ये सुप्रीम कोर्टानं ऑपरेशन झालेल्या एका ट्रान्स बाईची नाव आणि लिंग बदलायची मागणी फेटाळली होती, तेव्हापासून तसंच चाललंय. म्हणजे पेरोलमध्ये, आयडी कार्डावर, मेडिक्लेममध्ये जुनंच नाव येणार, ते तुमच्या हातात नाही. पण शिफ्टचं रोस्टर, टीमचा ग्रुप, फ्लोअरवर टांगलेली महिन्याची रँकिंग हे तुम्ही बनवता. तिथे ती जे नाव सांगेल ते टाका, आणि एचआरला आधीच कळवून ठेवा, नाहीतर ते दर महिन्याला सिस्टीममधून जुनं नाव ओढून बोर्डावर लावतात आणि तिला दर महिन्याला येऊन सांगावं लागतं.